उतरत्या पाण्याची देवी

कालवा खोदला राजानं, वाहिला मात्र देवीला. इजिप्तचा राजा तिसरा सेनुस्रेत इसवी सनापूर्वीच्या एकोणिसाव्या शतकात नुबियावर चालून गेला. आस्वानपाशी नाईलच्या पात्रात ग्रॅनाइटचे खडक असे काही पसरले आहेत, की भरलेल्या नावा त्यातून वर काढणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून राजानं वाट काढून घेतली : १५० हात लांब, २० हात रुंद, १५ हात खोल. इजिप्तचा शाही हात साधारण साडेबावन्न सेंटिमीटरचा, त्यामुळे लांबी झाली ७९ मीटरच्या आसपास. कारकिर्दीच्या आठव्या वर्षीच्या या कामाची नोंद जवळच्या सेहेल बेटावर खडकात कोरलेली आहे. तिथल्याच एका लेखात राजा सांगतो, की हा कालवा त्यानं नुबियाच्या स्वामिनीसाठी, अनुकेतसाठी केला.

पुढे साडेतीनशे वर्षांनी पहिला थुतमोस त्याच वाटेनं आला, तर कालवा दगडांनी बुजलेला. त्यानं तो साफ करवला. आणखी काही दशकांनी तिसऱ्या थुतमोसच्या पन्नासाव्या वर्षी पुन्हा तीच गत. या वेळी मात्र राजानं कायमचा बंदोबस्त केला. एलेफंटाईनच्या कोळ्यांनी हा कालवा दरवर्षी उपसावा, असा हुकूम त्यानं खडकात कोरून ठेवला. याला वेठ म्हणायची की देवीची सेवा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

जगातल्या देवदेवतांच्या याद्यांमध्ये ही अनुकेत 'नाईल नदीची देवी' म्हणून एका ओळीत उरकलेली असते. ग्रीक तिला अनुकिस म्हणत. (आपल्याकडच्या अनिकेतशी तिचं काही नातं नाही, कानाला भास होतो इतकंच.) ती एक ओळ वाचली, की डोळ्यांसमोर आपल्या गंगेसारखं किंवा गोदावरीसारखं काही उभं राहतं. सबंध नदी हीच देवी, तिचं पाणी म्हणजे तिची कृपा. अनुकेत तशी नव्हती. तिच्या ताब्यात नदी नव्हती, नदीचा एक खडकाळ तुकडा होता. आणि तिचं काम पूर आणण्याचं असण्यापेक्षा आलेला पूर परत नेण्याचं होतं.

मराठी कानाला नदी म्हणजे बाईच. ब्रह्मपुत्रेसारखे, शोणासारखे मोजके 'नद' सोडले, तर पुरुष नदी आपल्याला सुचतच नाही. प्राचीन इजिप्शियनांनी नाईलला वेगळं विशेषनामही ठेवलं नव्हतं. ती त्यांच्यासाठी नुसती 'इतेरू', म्हणजे नदी. दुसरी होतीच कुठे, म्हणून नाव ठेवायचं? पूजा व्हायची ती नदीत दरवर्षी चढणाऱ्या पाण्याची, आणि त्या पुराचा देव होता हापी. हापी पुरुष. सुटलेलं पोट, लोंबती छाती, डोक्यावर पाणवनस्पतींचा तुरा आणि हातात अन्नानं भरलेली तबकं, अशी त्याची मूर्ती. खाऊन-पिऊन सुखी असलेला देश शरीररूपानं काढायचा, तर तो असाच दिसणार.

मग अनुकेत कुठे येते? त्यासाठी आस्वानला जावं लागतं. नाईलच्या मुख्य प्रवाहात खार्तूम आणि आस्वान यांच्या दरम्यान सहा ठिकाणी कठीण खडक आडवे येतात. त्यांना प्रपात म्हणतात, पण हा शब्द ऐकून कोणी उंच कड्यावरून कोसळणारं पाणी बघायला निघू नये. पात्रभर विखुरलेले काळेभोर खडक, त्यांच्यामधून चिंचोळ्या धारांनी खळाळत, भोवरे घालत धावणारं पाणी, असं त्याचं रूप. त्यांचे क्रमांक उत्तरेकडून दिले गेले, कारण क्रमांक देणारे उत्तरेकडून आले. म्हणून आस्वानचा तो 'पहिला प्रपात'. प्राचीन इजिप्तची दक्षिण वेस इथे होती. पलीकडे नुबिया, म्हणजे सोनं, हस्तिदंत, आबनूस, कातडी, आणि लढायाही.

या वेशीवर तीन जागा महत्त्वाच्या. दक्षिणेला फिली बेट, आयसिसचं. उत्तरेला आस्वान शहरासमोर एलेफंटाईन बेट, ख्नुमचं आणि सातेतचं. आणि मध्ये, खडकांच्या ऐन गर्दीत, सेहेल बेट. ते अनुकेतचं. एलेफंटाईन हे नाव वाचून आपल्याला घारापुरीची एलेफंटा आठवते, पण तिथे पोर्तुगिजांनी दगडी हत्ती पाहून नाव दिलं. इथलं ग्रीक नाव मात्र इजिप्शियन 'अबू'चं भाषांतर आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ हत्ती असाही होतो, हस्तिदंत असाही. दक्षिणेकडून येणारा हस्तिदंत याच बाजारात उतरत असे.

अनुकेतला ओळखायची खूण सोपी आहे. डोक्यावर उंच, सरळ उभ्या पिसांचा मुकुट. इजिप्तच्या देवळांत देवींची गर्दी असते आणि शिंगं, सूर्यबिंब, गिधाडाची टोपी यांची इतकी उलथापालथ चालते, की नाव वाचल्याशिवाय आयसिस कोण नि हाथोर कोण हे सांगता येऊ नये. अनुकेतचा तो घोस मात्र दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर सहसा दिसत नाही. तो दक्षिणेकडचा, नुबियन वळणाचा वाटतो, आणि तिची बिरुदंही तिकडचीच : नुबियाची स्वामिनी, सेहेलची स्वामिनी. तिचा प्राणी गॅझेल, म्हणजे आपल्या चिंकाऱ्याच्या जवळच्या नात्यातलं लहानखुरं हरीण. वाळवंटाच्या कडेनं पाण्यावर येणारं आणि चाहूल लागताच निसटणारं. इस्नाच्या दक्षिणेला कोमिर नावाचं गाव आहे. तिथलं रोमन काळातलं देऊळ नेफ्थिस आणि अनुकेत यांचं, आणि गावाजवळ गॅझेलांची चक्क दफनभूमी सापडली आहे.

तिच्या नावाचा अर्थ 'कवेत घेणारी' असा लावला जातो. काहींना त्यात शेतांना कवटाळणारं पुराचं पाणी दिसतं, काहींना दोन्ही बाजूंच्या खडकांनी आवळून धरलेला प्रवाह. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. सेहेलजवळ नदी खरोखरच कुणाच्या तरी मुठीत सापडल्यासारखी वाहते.

एलेफंटाईनचं दैवतकुटुंब तिघांचं. ख्नुम हा मेंढ्याच्या शिराचा देव, धंद्यानं कुंभार. तो चाकावर माणसं घडवतो आणि पुराच्या उगमाची चावी त्याच्याकडे असते. सातेत ही त्याची पत्नी, शिंगांचा पांढरा मुकुट घालणारी. आणि अनुकेत ही बहुतेक ठिकाणी त्यांची मुलगी. सातेतचं ठाणं फार जुनं आहे. जर्मन पुरातत्त्व संस्था १९६९पासून एलेफंटाईनवर उत्खनन करते आहे. त्यात सातेतच्या देवळाखाली देऊळ, त्याखाली आणखी देऊळ, असे थर उलगडत गेले आणि सगळ्यांत तळाशी निघाली दोन-तीन प्रचंड शिळांच्या बेचक्यातली विटांची एक खोपटी, इसवी सनापूर्वी ३०००च्या सुमाराची. पिरॅमिड उभे राहायच्या कितीतरी आधी लोक तिथे चिनीमातीसारख्या चकाकत्या फायान्सच्या बाहुल्या वाहत होते.

आता मुख्य मुद्दा. पुराचा उगम या खडकांखालच्या गुहांतून होतो, असं इजिप्शियन मानत. पुराचं पाणी शेकडो कोस दुरून येतं हे दक्षिणेत मोहिमा काढणाऱ्या राजांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण श्रद्धेला भूगोलाची अडचण होत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला साइसच्या देवळातल्या एका कारकुनानं सांगितलं, की एलेफंटाईनजवळ क्रोफी आणि मोफी असे दोन सुळके आहेत आणि त्यांच्यामधल्या अथांग झऱ्यांतून निम्मं पाणी उत्तरेला, निम्मं दक्षिणेला वाहतं. हेरोडोटस गोष्टीवेल्हाळ खरा, पण इथे त्यालाही वाटलं, की हा गडी आपली थट्टा करतो आहे.

या गुहांची व्यवस्था तिघांत वाटलेली होती. फ्रेंच इजिप्ततज्ज्ञ दोमिनिक व्हालबेल यांनी सातेत आणि अनुकेत या दोघींवर १९८१ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी शेकडो उल्लेख तपासून मांडलेलं चित्र असं : सातेत पाणी सोडते, अनुकेत ते ओसरायला लावते. एक चढती, एक उतरती.

ओसरण्यासाठी वेगळी देवी कशाला, असं वाटेल. शेतकऱ्याला वाटणार नाही. नाईलचं पाणी आस्वानला जूनमध्ये चढू लागे, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात कळस गाठे आणि मग उतरे. जमीन उघडी पडल्यावर, चिखल ओला असतानाच गहू आणि जव पेरायचे. पाणी आठ-दहा दिवस जास्त रेंगाळलं, की पेरणी लांबली आणि पीक उन्हाच्या तडाख्यात सापडलं. जास्त पूर म्हणजे वाहून गेलेले बांध आणि कोसळलेली मातीची घरं. पाणी किती यावं याचं गणित रोमन लेखक प्लिनीनं नोंदवून ठेवलं आहे : १२ हात चढलं तर उपासमार, १३ला टंचाई, १४ला आनंद, १५ला निर्धास्तपणा, १६ला चंगळ. उपासमार आणि चंगळ यांच्यात फक्त चार हातांचं अंतर. ज्या देशाचं सगळं वर्ष या चार हातांवर ठरतं, त्याला पाणी आणणारी जितकी हवी तितकीच ते वेळेवर आवरणारीही हवी.

आणि हे पाणी मुळात कुठलं? आस्वानला वर्षभरात पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या पठारावरचं, आणि पुराच्या दिवसांत तर त्याहूनही जास्त. तिथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो आणि निळी नाईल नि अतबारा तो खाली आणतात. महिने ओळखीचे वाटतात, कारण पाऊसही नात्यातला आहे. प्रशांत महासागरात एल निनो बळावला, की भारताचा मोसमी पाऊस आणि इथिओपियाचा पाऊस हे दोन्ही बहुधा एकदमच रोडावतात. १८७७मध्ये नाईलचा पूर अतिशय कमी आला. त्याच सुमाराला सोलापूर, सातारा, पुणे भागात १८७६ ते ७८चा तो भीषण दुष्काळ चालू होता. तेव्हा या दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात आला असता, तर सेहेलच्या देवीला दख्खनमधूनही नवस गेले असते.

नवसाचं म्हणायचं, तर अनुकेतची पूजा आपल्यापर्यंत पोहोचली ती देवळांपेक्षा खडकांमधून. सेहेलवरचं तिचं देऊळ आज उभं नाही. पण बेटाच्या टेकाडांवर पाचशेहून जास्त कोरीव लेख आहेत. दक्षिणेला निघालेला किंवा तिकडून सुखरूप परतलेला प्रत्येक मोठा माणूस इथे थांबून आपलं नाव ठोकून गेला. नुबियाचे राजप्रतिनिधी, खजिनदार, सैन्याचे लेखनिक, पुरोहित. दुसऱ्या रामसेसचा मुलगा खाएमवासेत यानंही बापाच्या राज्योत्सवांची दवंडी इथे कोरून ठेवली. बऱ्याच लेखांत एक माणूस हात उंचावून उभा आणि समोर ती, पिसांचा मुकुट घालून. ग्रॅनाइटवर नाजूक काम होत नाही, म्हणून दगडानं दगड टोचत चित्र उमटवलेलं. प्रवासाला निघताना वेशीवरच्या देवाला नारळ फोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

उत्सवात देवी नावेतून निघे. दुसऱ्या अमेनहोतेपच्या एका लेखात या जलयात्रेचे दोन तपशील आहेत आणि मला ते देवळांच्या भव्य वर्णनांपेक्षा मोलाचे वाटतात. एक, एलेफंटाईनच्या देवांच्या नावांची शिडं तीन-तीन हातांची होती, ती राजानं दहा-दहा हातांची करवली. दोन, अनुकेतचा उत्सव तीन दिवसांचा होता, तो एक दिवस वाढवून चार दिवसांचा केला आणि त्या चौथ्या दिवसाची भाकरी, बैल, बदकं, मद्य अशी सगळी तरतूद लावून दिली. देवीला एक दिवस जास्त मिळाला, आणि बेटावरच्या माणसांना एक सुट्टी नि एक जेवण.

भक्त केवळ आसपासचेच नव्हते. उत्तरेला दोनशे किलोमीटरवर, आजच्या लक्सरसमोर, देइर अल-मदिना इथे राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. तिथल्या कासा नावाच्या कारागिरानं या तिन्ही दैवतांसाठी लाकडाचं छोटं देवघर करवलं, रंगीत आणि नीटस. आज ते इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. आणि ग्रीक राज्य आल्यावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सेहेलवर जमणाऱ्या एका ग्रीकभाषक मंडळानं आपल्या देवांशी या देवांच्या जोड्या लावल्या : ख्नुम म्हणजे आमोन, सातेत म्हणजे हेरा आणि अनुकेत म्हणजे हेस्तिया. हेस्तिया ही चुलीची, घरातल्या विस्तवाची देवी. खळाळत्या पाण्याच्या देवीला विस्तवाशी बसवताना मंडळाच्या बैठकीत काय चर्चा झाली असेल, ते ऐकायला मी पैसे मोजले असते.

पैशांवरून एक गोष्ट. अनुकेतच्या उत्सवात लोक नाईलमध्ये नाणी आणि सोनं टाकत, असं लोकप्रिय पुस्तकांत हमखास वाचायला मिळतं. रेल्वे पुलावर आली की खिडकीतून नाणं टाकणाऱ्या आपल्याला ते लगेच पटतं. पण इजिप्तमध्ये नाणी पाडली जाऊ लागली तीच इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. तोवर अनुकेतची पूजा दीड-दोन हजार वर्षं सुरू होती. या गोष्टीचं मूळ दिसतं ते रोमन लेखक सेनेकाकडे. फिलीजवळच्या 'नाईलच्या शिरा' म्हणवल्या जाणाऱ्या खडकांपाशी सणाच्या दिवशी पुरोहित नाणी आणि रोमन सुभेदार सोन्याच्या भेटी पाण्यात टाकतात, असं तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहितो. अनुकेतचं नाव तो घेत नाही. नंतरच्या कुणीतरी ते बेट आणि हे बेट, ती देवी आणि ही देवी यांची मोट बांधली.

पुरोहितांचा विषय निघाला की सेहेलवरचा दुष्काळलेख टाळता येत नाही. १८८९मध्ये अमेरिकन अभ्यासक चार्ल्स विल्बर यांनी तो प्रकाशात आणला. मजकूर असा : जोसेर राजाच्या अठराव्या वर्षी सात वर्षं पूर आला नाही, धान्य संपलं, राजा शोकात बुडाला. त्याचा सल्लागार इम्होतेप यानं ग्रंथ चाळून सांगितलं, की पुराची दारं एलेफंटाईनच्या ख्नुमच्या ताब्यात आहेत. ख्नुम राजाच्या स्वप्नात आला, पाणी सोडायचं कबूल केलं, आणि कृतज्ञ राजानं आस्वानच्या दक्षिणेचा सलग प्रदेश आणि तिथल्या मालावरचा दशांश ख्नुमच्या देवळाला तोडून दिला. लेखाच्या माथ्यावर राजा तिन्ही दैवतांसमोर उभा आहे, अनुकेत अर्थातच आपल्या पिसांसह.

अडचण एवढीच, की जोसेर होऊन गेला इसवी सनापूर्वी २६५०च्या सुमाराला आणि लेखाची भाषा, अक्षरवळण सगळं टोलेमी राजांच्या काळातलं, म्हणजे चोवीसशे वर्षांनंतरचं. त्या काळात फिलीच्या आयसिसचे पुरोहित याच प्रदेशावर हक्क सांगत होते. तेव्हा ख्नुमच्या पुजाऱ्यांनी पेटाऱ्यातून जुनी सनद काढावी तसा हा दगड उभा केला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या इनाम कमिशनच्या दप्तरात असली प्रकरणं शोभून दिसली असती. फरक इतकाच, की आपल्याकडचे लोक कागद धुरावर धरून जुना करत. इथे कागदाची भानगडच ठेवली नाही, दावा थेट ग्रॅनाइटवर ठोकला.

१९०२मध्ये इंग्रजांनी पहिल्या प्रपातावरच, सेहेलच्या जरा वर, पहिलं आस्वान धरण बांधलं. मग १९६०मध्ये त्याहून दक्षिणेला उंच धरणाचं काम सुरू झालं, १९७०मध्ये पुरं झालं. इजिप्तनं शेवटचा नैसर्गिक पूर पाहिला तो १९६४च्या उन्हाळ्यात. एलेफंटाईनवर पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, पूर मोजण्यासाठी केलेल्या. भिंतींवर हातांच्या खुणा अजून दिसतात, पाणी आता त्यांच्याशी फारसं खेळत नाही.

धरणामागचा जलाशय भरू लागला तेव्हा नुबियातली देवळं उचलून हलवावी लागली. अबू सिंबेलचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर बेत अल-वाली नावाचं एक लहानसं, खडकात खोदलेलं देऊळही हललं. ते दुसऱ्या रामसेसनं तरुणपणी खोदवलेलं. त्याच्या आतल्या गाभाऱ्याच्या दाराशी दोन देवी कोवळ्या राजाला अंगावर पाजताना कोरल्या आहेत. एक आयसिस, दुसरी अनुकेत. मूळ जागी आता नासर जलाशयाचं पाणी आहे आणि ते ओसरत नाही. देऊळ तुकड्या-तुकड्यांनी कापून उंच धरणाजवळच्या नव्या कलाब्शाच्या टेकाडावर, कोरड्या जागी, पुन्हा जोडलं आहे.